वचन पानासकट वाच

ऐरोली, नवी मुंबई
रविवार, संध्याकाळ

प्रभूमध्ये प्रिय मुला,

सप्रेम सलाम.

आज उपासना संपल्यावर पायऱ्या उतरता उतरता तू मला जे विचारलेस, त्याचे उत्तर चारचौघांत उभ्याउभ्या देण्यासारखे नव्हते, म्हणून घरी आल्यावर हे पत्र लिहायला बसले आहे. "बाई, देव सोसवेल तेवढेच देतो म्हणतात, मग मला सोसवत का नाही? माझा विश्वास कमी पडतो का?" एवढेच तू विचारलेस आणि कोणीतरी हाक मारली म्हणून निघून गेलास. वडिलांचे आठवड्यातून तीनदा होणारे डायलिसिस, बँकेच्या परीक्षेत दोनदा आलेले अपयश आणि गावच्या जमिनीवरून काकांशी चाललेला वाद ही तिन्ही ओझी मला ठाऊक आहेत. त्यांवर चौथे ओझे तू पवित्र शास्त्रातल्या वचनांचे घेतले आहेस, असे मला आज जाणवले. ते चौथे तुझे नाही, आणि ते उतरवता येते.

चर्चच्या शब्बाथ शाळेत मीच तुम्हां मुलांकडून दर रविवारी एक वचन पाठ करून घेत असे. वचन तोंडपाठ झाले की मी वहीत चांदणी चिकटवायची, पण त्या वचनाच्या आधी काय लिहिले आहे आणि नंतर काय, हे सांगायला वेळ उरत नसे. त्यामुळे तुझ्या मनातल्या काही गैरसमजांची सुरुवात माझ्याच वर्गात झाली असणे शक्य आहे, आणि ते दुरुस्त करणे हे माझे कर्तव्य आहे.

"सोसवेल तेवढेच देतो" हे वाक्य पवित्र शास्त्रात कोठेही नाही. लोक ते १ करिंथकरांस पत्राच्या १० व्या अध्यायातील १३ व्या वचनातून काढतात. तेथे प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला म्हणतो की देव तुमची परीक्षा तुमच्या शक्तीपलीकडे होऊ देणार नाही. आपण मराठी माणसे ‘परीक्षा’ हा शब्द वाचतो आणि आपल्या डोळ्यांपुढे आजारपण, कर्ज, मृत्यू, नापास झाल्याचा निकाल असे सगळे उभे राहते. मूळ ग्रीक शब्द ‘पेइरास्मोस’ असा आहे. कसोटी आणि मोह हे दोन्ही अर्थ त्यात येतात, आणि कोणता घ्यायचा हे आजूबाजूच्या वचनांवरून ठरवावे लागते. तो अध्याय पहिल्या वचनापासून वाच. रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांची मूर्तिपूजा, त्यांचा व्यभिचार, त्यांची कुरकुर यांविषयी पौल बोलत आहे. म्हणजे पापाच्या ओढीविषयी बोलत आहे आणि त्या ओढीतून बाहेर पडण्याची वाट देव ठेवतो असे आश्वासन देत आहे. मूत्रपिंडे निकामी होण्याविषयी तो तेथे एक शब्दही बोलत नाही.

दुःखाविषयी हाच पौल काय म्हणतो ते पाहायचे असेल तर करिंथकरांनाच लिहिलेले दुसरे पत्र उघड. पहिल्याच अध्यायात, ८ व्या वचनात, आशिया प्रांतात आपल्यावर आलेल्या संकटाविषयी तो मोकळेपणाने लिहितो की आम्ही आमच्या शक्तीपलीकडे दडपले गेलो, इतके की जिवाचीही आशा सोडली. ज्याच्या नावावर आपण "सोसवेल तेवढेच" हे वाक्य खपवतो, त्यानेच स्वतःला सोसवले नाही हे लिहून ठेवले आहे, आणि तरीही त्याचा विश्वास कमी पडला असे मंडळीने कधी म्हटले नाही. त्याच ठिकाणी तो पुढे म्हणतो की तुम्हीही प्रार्थनेने आम्हांला हातभार लावा. ओझे शक्तीपलीकडचे होते म्हणूनच त्याला माणसांची मदत मागावी लागली.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. परिचारिका म्हणून नोकरीला लागून मला फार दिवस झाले नव्हते, तेव्हा रात्रपाळीत एका बाईचे मूल गेले. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मनापासून, हेच वाक्य बोलले. तिने माझा हात हळूच बाजूला केला आणि विचारले, "म्हणजे मी इतकी घट्ट नसते, तर माझे पोर वाचले असते का?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. ती मुलाचे कपडे पिशवीत भरत होती. एक छोटा मोजा पलंगाखाली गेला होता, तो मी वाकून काढून दिला, आणि त्या रात्री माझ्या हातून तिला उपयोगी पडलेली तेवढीच एक गोष्ट होती. त्यानंतर ते वाक्य मी कोणालाही ऐकवलेले नाही.

आता दुसरे. प्रार्थनासभेत कोणीतरी तुझ्या आईला म्हणाले की घरात काही लपलेले पाप असेल, ते कबूल करा म्हणजे आजार जाईल. ज्यांनी हे म्हटले त्यांच्या मनात वाईट नसेल, तरी ते चुकीचे आहे असे मी स्पष्ट म्हणते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे पाहून नेमके हेच विचारतात, कोणी पाप केले, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, ह्यानेही नाही आणि ह्याच्या आईबापांनीही नाही. दोष नसताना संकटांत सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांनीही हाच हिशेब मांडला होता आणि शेवटी देवाने त्यांना सांगितले की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. "मागचे भोग" म्हणून दुःखाचा हिशेब लावण्याची सवय आपल्याकडे घराघरांत आहे. आपण त्यातला ‘भोग’ हा शब्द काढून तेथे ‘पाप’ घालतो आणि त्याला ख्रिस्ती शिकवण समजतो.

पंडिता रमाबाईंचे चरित्र तू शाळेत वाचले असशील, पण त्यांच्या घरातल्या मृत्यूंकडे लक्ष देऊन पाहा. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. ख्रिस्ती झाल्यावर, केडगावला मुक्ती सदनात शेकडो अनाथ मुलींची आई झाल्यावर, १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमाही गेली. त्या वेळी रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करण्याच्या शेवटच्या टप्प्यात होत्या. ते काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या आणि १९२४ मध्ये त्यांचे शास्त्र छापून आले. त्या बाईंचा विश्वास कमी होता असे म्हणण्याचे धाडस कोणी करील का?

तिसऱ्या वचनाविषयी मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण ते तुझ्या मोबाइलच्या स्टेटसवर आहे आणि तुमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवरही मी ते पाहिले आहे. यिर्मया २९:११, तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. निकालाच्या आदल्या रात्री तू ते लावलेस, निकाल लागल्यावर काढलेस आणि पुढच्या परीक्षेला पुन्हा लावलेस. म्हणजे ते वचन तुझ्यासाठी निकालाची हमी झाले आहे, आणि हमी पाळली गेली नाही की मन देवावर रुसते.

ते वचनही एका पत्रातलेच आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने ते पत्र धाडले. त्याच्या आधीचा, म्हणजे २८ वा, अध्याय वाचल्याशिवाय त्या पत्राचा रोख कळत नाही. त्यात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळे ठीक होईल, बाबेलचे जू मोडेल. लोकांना ते किती गोड वाटले असेल! त्यावर यिर्मया लिहितो की दोन नव्हे, सत्तर वर्षे लागतील. तोवर घरे बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांचे फळ खा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात मी तुम्हांला नेले आहे त्या नगराचे हित चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा. पत्र वाचणारा माणूस तिशीचा असेल तर परत जाणे त्याच्या नशिबी नव्हते, हे त्याला त्याच पत्रातून कळले असणार. अशा माणसाला देव म्हणतो की माझे संकल्प हिताचे आहेत.

शिवाय ते वचन ‘तुम्हांला’ उद्देशून आहे. आदराच्या ‘तुम्ही’ची आपल्याला इतकी सवय आहे की आपण ते एकट्याला लावून घेतो, पण मराठी शास्त्रात देव अब्राहामाशी किंवा मोशेशी एकट्याशी बोलतो तेव्हा ‘तू’ म्हणतो, आणि ‘तुम्ही’ म्हणतो तेव्हा समोर पुष्कळ लोक असतात. ते अभिवचन एका उमेदवाराला दिलेले नाही, एका समाजाला दिलेले आहे, आणि तू त्या समाजाच्या आत आहेस म्हणून ते तुझेही आहे.

माझे सासरे ७२ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यातून इकडे आले आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात लागले. "पाऊस झाला की परत जायचे" हे त्यांचे वाक्य मी लग्न होऊन आले तेव्हाही चालू होते. घरात त्यांची लोखंडी ट्रंक कपडे भरून तयार असे. भिंतीला फळी ठोकू देत नसत, कारण जायचेच आहे तर भोके कशाला पाडायची. सिडकोच्या घरात आल्यावर कितीतरी वर्षांनी त्यांनी गावाहून शेवग्याची एक फांदी आणली आणि दारापुढे रोवली. पहिल्या शेंगा आल्या त्या दिवशी त्यांनी ट्रंक रिकामी केली आणि तीत गहू भरून ठेवले. यिर्मयाचे ते पत्र मला कोणत्याही प्रवचनापेक्षा त्या ट्रंकेने अधिक समजावले. तू परीक्षा अवश्य दे. पण निकाल लागेपर्यंत जगणे थांबवून ठेवू नकोस. मंडळीतल्या पोरांना गणित शिकवणे तू "नोकरी लागली की पुन्हा सुरू करीन" म्हणून बंद केलेस, ते ह्याच महिन्यात सुरू कर.

आता काकांचे. तुझ्या वडिलांच्या वाट्याची जमीन न विचारता विकली, पैसे दिले नाहीत, आणि आता म्हणतात, "ख्रिस्ती ना तू? मग क्षमा कर आणि कागदावर सही कर." मुला, क्षमा करणे आणि सही करणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूड घेणार नाही, त्यांचे वाईट चिंतणार नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना करीन, एवढे तुझ्या मनाशी तू आजच ठरवू शकतोस आणि ठरवावेस. पण खोट्याला खरे म्हणणे म्हणजे क्षमा नव्हे. लूक १७:३ मध्ये येशू म्हणतो की तुझ्या भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर. मत्तयाच्या १८ व्या अध्यायात त्याची रीतही दिली आहे: आधी एकट्याने जाऊन सांग, ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर ने, तरीही नाही तर मंडळीला सांग. "जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमलेले आहेत" हे वचन आपण प्रार्थनासभेला माणसे कमी आली की वापरतो. ते ह्याच भांडण मिटवण्याच्या रीतीच्या शेवटी येते.

दुसरा गाल पुढे करण्याविषयीही तू विचारशील. प्रमुख याजकापुढे शिपायाने चपराक मारली तेव्हा येशूने उलट हात उचलला नाही, पण तो गप्पही बसला नाही. मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असे त्याने विचारले. फिलिप्पै शहरात चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलेल्या पौलाला अधिकारी गुपचूप सोडून देऊ लागले, तेव्हा त्याने जायला नकार दिला आणि त्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे असा आग्रह धरला. पुढे त्याने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. हक्क मागणे आणि द्वेष करणे हे एकच आहे असे त्याला वाटले नाही. म्हणून आधी काकांना एकटा भेट, आवाज न चढवता बोल. नंतर पाळकसाहेबांना आणि तुमच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्याला घेऊन जा. आणि तेवढ्याने भागले नाही तर वकिलाचा सल्ला घेण्यात पाप नाही. सही मात्र करू नकोस.

पैसा हे सर्व पापांचे मूळ आहे असे तू मागे म्हणाला होतास, तेही पुन्हा वाच. १ तीमथ्य ६:१० मध्ये पैसा नाही, पैशाचा लोभ म्हटले आहे. वडिलांच्या उपचारासाठी पगार वाढवून मागताना तुला अपराधी वाटण्याचे काही कारण नाही.

राहिले ते तुझे न रडणे. "विश्वासणाऱ्याने नेहमी आनंदी असावे" म्हणून तू घरात हसरा चेहरा ठेवतोस आणि ठाण्याला जाणाऱ्या गाडीच्या दारात उभा राहून डोळे पुसतोस, हे तुझ्या आईला ठाऊक आहे आणि तिनेच मला सांगितले. स्तोत्रसंहितेतले ८८ वे स्तोत्र आज रात्री वाच. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपते. तरीही ते मंडळीच्या गीतांच्या पुस्तकात आहे आणि ते देवाला उद्देशूनच म्हटले आहे. तक्रार देवापाशी नेणारा माणूस अजून देवाशी बोलत असतो.

ईयोबाच्या मित्रांची चूक मी वर सांगितली, पण त्यांनी एक गोष्ट बरोबर केली होती: बोलायला लागण्यापूर्वी ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले. येत्या गुरुवारी वडिलांच्या डायलिसिसला मी येते. चार तास मशीन चालू असताना कोणीतरी जवळ असावे लागते आणि ते काम मला जमते. सुई काढल्यावर किती वेळ दाबून धरायचे, फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीवर, बोट ठेवून ती थरथर कशी तपासायची, हे तुलाही दाखवून ठेवीन. सकाळी सातला ऐरोली स्टेशनवर तिकीटखिडकीजवळ थांब. आईला त्या दिवशी घरी झोपू दे, आणि डबा करू नका असे सांग. डबा मी आणते.

तुझी,
बाई