झोपेत दचकणाऱ्याला हलवू नका

प्रश्न : नवऱ्याला आघाडीवरून परतून तीन महिने झाले. रात्री ओरडत उठतो. परवा हलवून जागं करायला गेले, तर माझाच हात पिरगाळला. सकाळी त्याला काही आठवत नव्हतं.

उत्तर : अर्धवट झोपेत अंगावर पडलेला हात त्याला शत्रूचा वाटतो, म्हणून हात लावू नका. हाताच्या टप्प्याबाहेर, पायथ्याशी उभं राहून मंद दिवा लावा आणि नाव घेऊन सांगा, 'तू घरी आहेस.' नीट जाग आली की मगच जवळ जा. तूर्त अंथरूण वेगळं घातलंत तरी चालेल, फक्त कारण त्याला दिवसाउजेडी सांगा. घरात शस्त्र असेल तर ते एका कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या.

दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्र बिघडते. अशी लक्षणं महिन्याहून जास्त टिकली की पीटीएसडीची (भयंकर अनुभवानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजाराची) तपासणी करून घ्यावी, म्हणजे तुमची थांबायची मुदत केव्हाच संपली. त्या आठवणींवरच काम करणारे मानसोपचार साधारण 8 ते 15 बैठकांचे असतात. सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटतो आणि बरेच जण नेमके तिथेच सोडतात. हे त्याला आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : बहीण युद्धभूमीजवळच्या रुग्णालयात परिचारिका होती. 'कुणाला आधी घ्यायचं ते मी ठरवलं' एवढंच म्हणत राहते. 'तुझी चूक नव्हती' म्हटलं की चिडते.

उत्तर : चिडणारच, त्या वाक्याने तिचं बोलणंच खुंटतं. इथे भीतीपेक्षा अपराधभाव मोठा आहे. याला 'नैतिक जखम' म्हणतात. 'त्या रात्री ऑपरेशनची टेबलं किती होती?' असं विचारा. ती तयार असेल तर कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे त्या क्षणी तिला काय ठाऊक होतं ते : जखमी किती, रक्ताच्या पिशव्या किती, सर्जन किती. उजवीकडे नंतर कळलेलं. बहुतेक वेळा माणूस उजव्या रकान्यावरून स्वतःला दोषी ठरवत असतो. हे समुपदेशकासमोर झालं तर उत्तम. मात्र एकदाच बसवून सगळं वदवून घेण्याच्या फंदात पडू नका. त्याने पीटीएसडी टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो.

प्रश्न : आमच्या घरावर बाँब पडला होता. पाच वर्षांचा मुलगा आता रोज बाहुलीला पुरतो आणि पुन्हा अंथरूण ओलं करतो. काही दिवस मावशीकडे पाठवू का?

उत्तर : नको. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये मुलांसाठी युद्धकालीन पाळणाघरं चालवणाऱ्या ॲना फ्रॉइड यांना दिसलं, की आईपासूनची ताटातूट मुलांना बाँबवर्षावाहूनही जड जाते. खेळ थांबवू नका, त्यात सामील व्हा. रोज तोच शेवट होत असेल तर विचारा, 'रुग्णवाहिका कुठून येते?' मदतीला कुणीतरी आलं की पुष्कळदा मूलच शेवट बदलतं. गादीवर रबरी कापड घाला, ओरडू नका, त्याच्यासमोर बातम्या लावू नका. महिन्याभरात फरक पडला नाही, किंवा जेवण-बोलणं तुटलं, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्याआधी लघवीची तपासणी करून घ्या, कारण कधीकधी तो साधा संसर्गच असतो.