लोक हसतील या भीतीसकट ऑडिशनला जाऊ का?

ताई,
मी ४४ वर्षांची आहे, हिशेबाचं काम करते. इथल्या एका हौशी नाट्यसंस्थेने संगीत विनोदी नाटक करायचं ठरवलंय आणि ऑडिशन सगळ्यांना खुली आहे. एक गाणं, आयत्या वेळी दिलेला एक प्रवेश आणि थोडा नाच, असं स्वरूप आहे. जाहिरात वाचल्यापासून मला धड झोप नाही. कॉलेजात असताना एका कार्यक्रमात गाताना वरच्या सुरावर माझा आवाज फाटला. अख्खा हॉल हसला आणि मी अंतरा अर्धवट सोडून विंगेत पळाले. त्यानंतर चारचौघांत कधी गायले नाही. घरात मात्र दिवसभर गुणगुणत असते. नवरा म्हणतो, बिनधास्त जा. सोळा वर्षांची मुलगी म्हणते, "आई, लोक हसतील गं." त्यात माझी जवळची मैत्रीण त्याच भूमिकेसाठी ऑडिशन देतेय. तिने विचारलं, "तू येणार आहेस का?" मी "बघू" म्हणाले आणि विषय बदलला. भीती गेल्याशिवाय जाण्यात अर्थ आहे का? की हे आता माझं वयच नाही?
— विंगेतली

प्रिय मैत्रिणी,

वयाचं आधी मिटवून टाकू. विनोदी संगीत नाटकाचा गाडा एकट्या तरुण जोडीवर ओढला जात नाही. संशयी शेजारीण, दुसऱ्याच्या लग्नात नको तितकं लक्ष घालणारी आत्या, वरून कडक आणि आतून प्रेमात पडलेली मुख्याध्यापिका, अशी कामं चाळिशी-पन्नाशीची बाई करते तेव्हाच ती खरी वाटतात. हौशी संस्थांना नेमकी याच वयाची माणसं मिळताना मारामार असते. ती "आता कुठे हे" म्हणत घरी बसलेली असतात.

आता भीती. ती जाईल आणि मग मी जाईन, असं तुम्ही ठरवलंत तर हे नाटक होईल, पुढचं होईल, आणि तुम्ही प्रेक्षकांतच बसलेल्या असाल. ती जात नाही हो. तिची सोय लावावी लागते. अमेरिकन गायिका बार्ब्रा स्ट्राइसँड १९६७ साली न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये प्रचंड गर्दीपुढे गात असताना गाण्याचे शब्द विसरली. त्या धसक्याने ती पुढची कितीतरी वर्षं मोठ्या जाहीर मैफलींपासून लांब राहिली. १९९४ मध्ये दौऱ्यावर निघाली तेव्हा तिने शब्द समोर पडद्यावर दिसतील अशी व्यवस्था करून घेतली होती. एवढ्या मोठ्या गायिकेने भीतीशी ही तडजोड केली, आणि ती गायली. तुमच्यासाठी तशी व्यवस्था काय असेल, ते आपण बघू.

तुमच्या पत्रातलं आवाज फाटल्याचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्या दिवशी सुरुवातीचा सूर तुम्हाला कोणी दिला होता का? मला शंका आहे की नसावा. घाबरलेला माणूस सूर न घेता गायला लागला की नेहमीपेक्षा वरून उचलतो, हे मी ऑडिशनच्या टेबलामागे बसून इतक्यांदा पाहिलंय की पहिल्या ओळीतच पुढचं कळतं. घरी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या सुरात, आरामात जाणारं गाणं तिथे काळी पाचमध्ये, कधी त्याहूनही वर सुरू होतं. मुखडा निभून जातो. अंतरा वर चढतो तेव्हा गळ्यात जागाच उरलेली नसते. मग तो सूर जोर लावून गाठायचा प्रयत्न होतो, स्वरतंतूंना ताण देणाऱ्या स्नायूंचा तोल सुटतो आणि आवाज फाटतो. इतकी वर्षं तुम्ही ज्याला स्वतःचं वैगुण्य समजत आलात, तो बहुधा दोन सुरांचा फरक होता.

म्हणून पहिलं काम पट्टीचं, म्हणजे गाणं कोणत्या सुरावरून उचलायचं ते ठरवण्याचं. गाण्यातला सगळ्यात वरचा सूर शोधा. दिवसभर काम करून दमल्यावर, गळा न तापवता, तो सूर सहज लागतो का ते पाहा. नाही लागला तर पट्टी एक-दोन सुरांनी खाली आणा. ऑडिशनच्या दिवशी गळा चांगल्यातला चांगला लागेल, या हिशेबाने पट्टी ठरवू नका. दमलेल्या दिवसाचा गळा धरून ठरवा. फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप घ्या आणि रोज त्याच सुरावरून गाणं उचला. तिथे साथीला कोणी असेल तर पट्टी सांगा आणि पहिली ओळ त्यांच्या कानाजवळ हळूच गुणगुणून दाखवा. "जरा फास्ट घ्या" यातून लय कळत नाही, गुणगुणण्यातून कळते. ट्रॅकवर गाणार असाल तर तो फोनमध्ये उतरवून ठेवा आणि गाणं सुरू होण्याआधीचं लांबलचक संगीत कापून टाका. मुखडा आणि एक अंतरा पुरे. मिनिट-दीड मिनिटात ऐकणाऱ्यांना जे हवं ते कळलेलं असतं. त्याच नाटकातलं गाणं, मागितलं नसेल तर, गाऊ नका. दिग्दर्शकाच्या डोक्यात त्याची एक चाल आधीच पक्की बसलेली असते आणि तुमची तिच्याशी उगाच तुलना होते. त्याच स्वभावाचं दुसरं निवडा, ज्यात गाणाऱ्या माणसाला काहीतरी हवं आहे.

आणि हे गाणं जिना चढून-उतरून म्हणायचा सराव करा. दोन मजले भरभर चढा, धाप लागलेली असतानाच उभ्या राहा, एक लांब श्वास सोडा आणि गा. ऑडिशनच्या खोलीत छाती अशीच धडधडणार आहे. त्या धडधडीसकट आपला आवाज कसा लागतो हे शरीराला आधीच माहीत असलं की ते तिथे बिचकत नाही. तोंडाला कोरड पडेल, कारण घाबरल्यावर लाळ कमी सुटते. पाणी सकाळपासून थोडं थोडं पीत राहा. ऐन वेळी गटागटा प्यायलेलं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. सारखं खाकरू नका, त्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. त्याऐवजी आवंढा गिळा.

आता टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते सांगते, कारण तुमची अर्धी भीती तिथे बसलेल्यांबद्दल आहे. एका ऑडिशनला एक बाई आल्या होत्या. हातात संहितेची दोन पानं. त्यांचा हात थोडासाच थरथरत होता, पण कागद मात्र असा फडफडत होता की खोलीभर त्याचाच आवाज. त्यांनी स्वतःच एकदा कागदाकडे पाहिलं, पिशवीतून एक जाड फाइल काढली, पानं तिच्यावर ठेवली, फाइल पोटाशी धरली आणि वाचायला लागल्या. आवाजात कंप होता, तो राहिलाच. माझ्या शेजारी बसलेल्या दिग्दर्शकाने त्यांच्या नावापुढे लिहिलं, "अडचण आली की मार्ग काढतात." त्यांना काम मिळालं. त्या टेबलामागे बसणारी माणसं चुका मोजायला बसलेली नसतात हो. त्यांच्यापुढे रिकाम्या जागांची यादी असते, आणि दार उघडलं की प्रत्येक वेळी मनात हेच असतं की ही बाई ती जागा भरू दे. ती खाली मान घालून लिहीत असतील तर ती टिपणं असतात. तुम्ही एक जाड फाइल नक्की न्या.

आयत्या वेळी मिळणाऱ्या प्रवेशाची तयारी करता येत नाही असं वाटतं, पण येते. कोणत्याही नाटकाचं पुस्तक घ्या आणि मुलीला समोरच्या पात्राची वाक्यं वाचायला बसवा. वाक्य कागदावरून उचलायचं, मान वर करायची, तिच्याकडे बघून बोलायचं. अंगठा ओळीवर ठेवा म्हणजे परत आल्यावर जागा सापडते. सगळ्यात महत्त्वाचं, तिचं वाक्य चालू असताना आपलं पुढचं वाक्य चाळू नका, तिचं ऐका. ऑडिशनमध्ये ऐकणारी माणसं इतकी कमी दिसतात की एखादी दिसली की आम्ही पेन खाली ठेवतो.

आता विनोदाचं. इथेच बहुतेक जण घसरतात, कारण ते हसवायला जातात. डोळे फिरवतात, आवाज चिरका करतात, वाक्य संपलं की लाफ्टरसाठी थांबतात. समजा, तुमच्या पात्राची चावी हरवली आहे आणि दाराबाहेर सासरेबुवा उभे आहेत. त्या बाईला यात विनोद कुठे दिसतोय? तिच्या लेखी हा मरणप्रसंग आहे. ती चावी जितक्या पोटतिडकीने शोधेल, तितके लोक हसतील. तुम्ही फक्त चावी शोधा. संगीत नाटकात तर गाणंही त्याच पोटतिडकीतून यायला हवं. बोलून भागेना तेव्हा ती बाई गायला लागते.

आणि तिथे कोणी हसलं नाही तर मन खट्टू करून घेऊ नका. तो प्रवेश त्यांनी सकाळपासून वीस-पंचवीस जणांकडून ऐकलेला असतो. दिग्दर्शक म्हणाला, "छान, आता हेच तुम्हाला खूप घाई आहे असं करा," तर आपलं चुकलं असं समजू नका. सांगितलेलं तुम्ही उचलता का, एवढंच तो बघतोय. तालमीचे दोन महिने त्याला तुमच्याबरोबर काढायचे आहेत. फरक ठळक करा, पहिल्यापेक्षा स्पष्ट वेगळं दिसेल इतका.

नाचाची काळजी कमी करा. आठ-आठ मात्रांचे दोन-चार तुकडे सगळ्यांना एकदम शिकवतात. पाय चुकला तर पुढच्या "एक"वर पकडा आणि मान वर ठेवा. पायात घट्ट बसणारं काहीतरी असू द्या.

फॉर्मबद्दल मात्र मी आग्रहाने सांगणार आहे. त्यात कोणत्या दिवशी तालमीला येता येणार नाही ते विचारतात, आणि काम हुकेल या धास्तीने लोक ते लपवतात. वर्षअखेरीचे हिशेब आणि प्रयोगाच्या आधीचा आठवडा एकत्र येत असतील तर तसं स्पष्ट लिहा. शेवटच्या आठवड्यात रोज तालीम असते, रंगीत तालीम असते, आणि तेव्हा एक माणूस गळाला की वीस जणांची मेहनत अडकते. खरं लिहिल्याने हातचं काम गेलं, असं मी क्वचितच पाहिलंय. लपवल्याने कायमचं नाव गेलेलं पाहिलंय. वर्गणी भरावी लागते का, पोशाख कोणाचा, हेही आधीच विचारा. "दुसरी भूमिका चालेल का" या प्रश्नाचं उत्तर घरी शांतपणे ठरवा. मला विचाराल तर समूहातलं कामही घ्या. संगीत नाटकात समूह सतत रंगमंचावर असतो, आणि इतक्या वर्षांनी परतणाऱ्या गळ्याला शेजारी दहा गळे असणं फार बरं पडतं. पण मनापासून चालणार नसेल तर "हो" लिहू नका.

काम नाही मिळालं तर दोन दिवस वाईट वाटेल, वाटू द्या. जोडीदाराच्या उंचीला उंची जुळत नाही, दोन बहिणींचे आवाज एकसारखे हवेत, अशा कितीतरी कारणांवर भूमिका ठरतात. तुम्हाला ती कारणं कधी कळणारही नाहीत.

मुलीवर रागावू नका. सोळाव्या वर्षी आईकडे लोकांनी बघणं हेच संकट वाटतं. शिवाय ती बोलली ते तुमचंच वाक्य आहे, कॉलेजच्या त्या दिवसापासून तुम्ही ते मनात म्हणत आलात. तिला समजावत बसण्यापेक्षा संहिता हातात द्या. आठवडाभर समोर बसून वाक्यं वाचली की ती तुमच्या बाजूची होईल, असा माझा अंदाज आहे.

मैत्रिणीच्या बाबतीत मात्र तुमचं चुकलं. तिने सरळ विचारलं होतं. उद्या त्या खोलीबाहेरच्या बाकावर ती तुम्हाला अचानक बघेल तेव्हा तिला भूमिकेचं काही वाटणार नाही, त्या "बघू"चं वाटेल. आणि भूमिका तुमच्या दोघींत ठरणार नाहीच, ती तिसरीलाच जाऊ शकते. तेव्हा आज संध्याकाळी तिला फोन करा. सांगा, मीही येतेय, त्याच कामासाठी येतेय, आणि मला भीती वाटतेय. मग विचारा, जिन्यावरचा सराव दोघी मिळून करू या का.

— तुमची ताई