अपघाताच्या भीतीवर डोळे हलवण्याची थेरपी (ईएमडीआर) खरंच लागू पडते का? यूट्यूबवरचा डावी-उजवीकडे हलणारा ठिपका बघून घरी करता येईल का?

तुमचा भाऊ नाशिकरोडहून बाइकने सिन्नर एमआयडीसीत जायचा. साडेतीन महिन्यांपूर्वी मोहदरी घाटात ट्रकने कट मारला. हाड जुळलं, पण ट्रकचा हॉर्न ऐकला की अजून घाम फुटतो, रात्री दचकून उठतो. आता डोळे हलवण्याची थेरपी खरी की फॅड, आणि ती घरी जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

थेरपी खरी आहे. ठिपका नको.

ही थेरपी मांडणाऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो यांचा पहिला अभ्यास 1989 चा. बोटं हलवून काय होणार, अशी टिंगल बरीच वर्षं झाली. 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आघातानंतरच्या तणावविकारासाठी, म्हणजे पीटीएसडीसाठी, तिची शिफारस केली. 2024 मध्ये 8 चाचण्यांतल्या 346 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा ती आघातावरच्या इतर मानसोपचारांच्या तोडीची निघाली, वरचढ नाही. तेव्हा ‘तीन सिटिंगमध्ये गॅरंटी’ असा बोर्ड दिसला तर पुढच्या दारी जा.

ती चालते कशी, यावरचं सर्वांत भक्कम उत्तर डच प्रयोगशाळांतून आलं. आपल्या मनाच्या ओट्यावर एका वेळी फार भांडी मावत नाहीत. आठवण समोर धरायची आणि त्याच वेळी डोळ्यांनी हलतं बोट पकडायचं, म्हणजे ओढाताण होते. चित्र फिकं पडतं, आणि फिकं झालेलंच परत साठवलं जातं. काही थेरपिस्ट डोळ्यांऐवजी हेडफोनमधली टिकटिक ऐकवतात; ती या प्रयोगांत डोळ्यांपेक्षा कमी पडली, कारण ती ऐकायला फारसे कष्ट पडत नाहीत. 2019 मध्ये कोरियातल्या संशोधकांनी उंदरांवरही हे तपासलं. डावी-उजवीकडे सरकणाऱ्या प्रकाशामुळे भीती विझण्याला मदत झाली, आणि त्यामागचा मेंदूतला मार्गही सापडला. निदान उंदरांना तरी कुणी ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणून समजावलं नव्हतं. तरीही परिणामातला डोळ्यांचा वाटा नेमका किती, यावर वाद चालूच आहे.

प्रत्यक्षात टप्पे आठ असतात, आणि डोळे चौथ्यात येतात. आधी पूर्वेतिहास, मग तयारी: घाबरलं की स्वतःला जमिनीवर आणायचं कसं आणि ‘थांबा’ची खूण कोणती. तिसऱ्यात नेमका क्षण ठरतो. ‘अपघात’ एवढं पुरत नाही. ‘आरशात ट्रकचा बंपर दिसला तो क्षण’ असं हवं. सोबत स्वतःबद्दलचं वाक्य (‘मी आता मरणार’), त्याजागी हवं असलेलं वाक्य (‘ते संपलं, मी वाचलो’), शरीरात कुठे जाणवतं ते, आणि त्रासाचा आकडा 0 ते 10. नवं वाक्य किती खरं वाटतं ते 1 ते 7 मध्ये.

मग थेरपिस्ट हातभर अंतरावर दोन बोटं धरून डावी-उजवीकडे नेतात. सेकंदाला साधारण एक फेरी, एका सेटमध्ये 24 च्या आसपास. सेट संपला की खोल श्वास आणि एकच प्रश्न: ‘आता काय येतंय?’ जे येईल तिथून पुढचा सेट. आकडा 0 किंवा 1 वर आला की नवं वाक्य पक्कं करतात, डोक्यापासून पायापर्यंत ताण कुठे उरलाय ते तपासतात, शांत करून सत्र संपवतात आणि पुढच्या वेळी पुन्हा पडताळतात. सत्र 60 ते 90 मिनिटांचं. एकाच अपघातासाठी साधारण 8 ते 12 सत्रं धरून चला.

बिघडतं कुठे? बोट संथ फिरलं तर मनावर ताणच येत नाही आणि माणूस नुसता आठवणीत बुडतो. सेटच्या मध्ये थेरपिस्ट उपदेश करू लागले तर साखळी तुटते. आकडा 3 वर अडकला तर बहुधा खाली जुनी आठवण असते, किंवा ‘चूक माझीच होती’ असं काहीतरी बोललेलं नसतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे आठवण उघडून सत्र तसंच सोडणं. घरच्या ठिपक्यात नेमकं हेच होतं: उघडणारा भाऊ, बंद करणारं कुणी नाही. आकडा मध्येच 5 वरून 8 वर गेला तर घाबरू नका, ते अपेक्षित असतं, पण तेव्हा समोर माणूस हवा.

फिट येत असतील, डोळ्यांचं ऑपरेशन झालं असेल, झोपेच्या गोळ्या किंवा दारू चालू असेल, मध्येच ‘हरवल्यासारखं’ होत असेल, तर हे पहिल्याच भेटीत सांगा. पर्याय असतात, काहींना हातांवर टॅपिंग करतात.

नाशिकमध्ये सुरुवात जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीपासून करता येते. निदान तिथे करून घ्या. खासगीत गेलात तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक विचारा, आणि ईएमडीआरचं प्रशिक्षण किती टप्प्यांचं, देखरेखीखाली केसेस केल्यात का, हेही. विचारल्यावर चिडले तर उत्तर मिळालंच. रात्री-अपरात्री त्रास वाढला, जगणं नको वाटलं, तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: 14416, मोफत आणि मराठीतही.

सत्रानंतर त्याला द्वारका चौकातून बाइकवर एकट्याला पाठवू नका. डोकं जड असतं. दोन-तीन दिवस विचित्र स्वप्नं पडू शकतात, वहीत एक ओळ लिहून ठेवावी, खणत बसू नये. शेवटच्या सत्रांत मोहदरी घाटातून जाण्याची कल्पना करून घेतात. त्यानंतर रविवारी सकाळी, रहदारी कमी असताना, आधी तुमच्या गाडीत शेजारी बसवून न्या. बाइकची चावी त्याने मागितली की द्या.