मावळ्याचा फोटो काढताना

तू रंगवलेल्या मावळ्याच्या छोट्या मूर्तीचे दोन्ही फोटो बघितले. रंगकाम सुरेख झालंय, पण ढाल स्पष्ट आणि मावळ्याचा चेहरा धुरकट आलाय. फार जवळ गेलास, म्हणून. मोबाइलची लेन्स ठरावीक अंतराच्या आत फोकस करूच शकत नाही. वीतभर मागे सरक, दुप्पट झूम घे आणि स्क्रीनवर त्याच्या डोळ्यांवर बोट दाबून फोकस पक्का कर.

कॅमेरा मिळाला तर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड येण्याचं भोक, एफ/८ ते एफ/११ ठेव; आकडा वाढला की भोक लहान होतं. इतक्या जवळून पुढे-मागे काही मिलिमीटरच स्पष्ट येतात, त्यामुळे मोठं अ‍ॅपर्चर चालत नाही. उलट एफ/२२ केलंस तर डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच थोडं अस्पष्ट होतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, १०० ठेवलास की शटर मंदावणार आणि हात हलला तर फोटो बिघडणार. ट्रायपॉड नसेल तर तांदळाच्या पिशवीवर कॅमेरा टेकव आणि २ सेकंदांचा टायमर लाव.

उजेडाकडे मात्र मनापासून लक्ष दे. फ्लॅश नकोच, चकचकीत रंगावर पांढरा ठिपका उमटतो. गोकाकच्या लाकडी फळांचे माझे कितीतरी फोटो असेच वाया गेले, अजून हळहळ वाटते. बेळगावच्या पावसाळ्यातला ढगाळ उजेड खिडकीतून येतो ना, तो या कामाला सोन्यासारखा. ऊन असेल तर खिडकीला बटर पेपर चिकटव आणि सावलीच्या बाजूला उजेड परतवायला थर्मोकोलचा तुकडा उभा कर.

दिवाळीत गल्लीतल्या किल्ल्यावरचा मावळा टिपायचा असेल तर सकाळी लवकर जा आणि जमिनीवर आडवा हो. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आला की तो बुरुजावर खरोखर पहारा देताना दिसतो.