विषाणूची उसनी हाक

प्रश्न : माझ्या मामांना अधूनमधून ताप येतो, काखेत गाठी आहेत, सीआरपी हे दाह दाखवणारे रक्तातील प्रथिनही वाढलेले आहे. ‘हर्पीस-८ हा विषाणू शरीराच्या संदेशाची नक्कल करतो,’ असे डॉक्टर म्हणाले. म्हणजे काय?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : संसर्गाची वर्दी देण्यासाठी आपल्या पेशी इंटरल्यूकिन-६ हे प्रथिन सोडतात; ते पोहोचताच यकृत सीआरपी तयार करू लागते आणि ताप चढतो. १९९४ साली सापडलेल्या या विषाणूजवळ त्याच प्रथिनाची स्वतःची आवृत्ती आहे. दोन्हींतील अमिनो आम्लांचा क्रम जेमतेम चतुर्थांश जुळतो, तरी काम तेच होते. खरी मेख पुढे आहे. मानवी प्रथिनाला आधी आपला खास ग्राही, म्हणजे संदेश झेलणारे प्रथिन, गाठावा लागतो आणि मगच जीपी१३० हा दुसरा ग्राही जागा होतो. विषाणूचे प्रथिन मात्र जीपी१३०ला थेट जाऊन चिकटते आणि जीपी१३० जवळपास प्रत्येक पेशीवर असतो. त्यामुळे ज्या पेशींनी गप्प राहायचे, त्याही पेटून उठतात, लसिकाग्रंथी सुजतात आणि कॅसलमन या लसिकाग्रंथींच्या आजाराचा एक प्रकार उद्भवतो. गाठीच्या तुकड्यात हा विषाणू सापडला आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा, कारण मानवी इंटरल्यूकिन-६ला पकडणारे सिल्टुक्सिमॅब हे औषध विषाणूच्या नकलेला पकडत नाही. मामांचा ताप कृपया अंगावर काढू देऊ नका.