एनएचएसच्या (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या) कम्युनिटी सेवेत नेबरहूड टीम उभी करायची असेल, तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न मला असा समजला: इंग्लंडमधल्या तुमच्या कम्युनिटी ट्रस्टने (हॉस्पिटलबाहेर, घरोघरी सेवा देणाऱ्या एनएचएस संस्थेने) इंटिग्रेटेड नेबरहूड टीम, म्हणजे एका वस्तीतल्या आरोग्य आणि सोशल केअरच्या लोकांची एकत्र टीम, उभी करायचं काम तुमच्यावर सोपवलंय. तक्ते आणि प्रेझेंटेशन्स भरपूर मिळालीत, पण कामाला हात कुठून घालायचा आणि वरिष्ठांना कोणते आकडे दाखवायचे, हे कोणी सांगत नाही. मी कम्युनिटी नर्सिंगमध्ये आहे आणि अशाच एका टीममध्ये काम करते. माझं मत स्पष्ट आहे. आधी ज्यांना मदतीची गरज आहे अशा रुग्णांची एक छोटी यादी करा, त्या यादीसाठी दर आठवड्याला ठरलेल्या वेळी एकत्र बसा, आणि सगळ्यांना माहीत असेल असा एकच फोन नंबर ठेवा. रचना, पदं आणि इमारत यांचं नंतर बघता येईल.

सेवा विखुरलेल्या का आहेत, हे मात्र आधी समजून घ्या, नाहीतर सहकाऱ्यांवर उगाच राग धरला जातो. 1948 साली एनएचएस सुरू झाली तेव्हा हॉस्पिटलं सरकारकडे गेली, जीपी (फॅमिली डॉक्टर) स्वतंत्र कंत्राटदार राहिले आणि डिस्ट्रिक्ट नर्स (घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या नर्स) कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, अखत्यारीत राहिल्या. 1974 मध्ये नर्स एनएचएसमध्ये आल्या, सोशल केअर (आंघोळ, जेवण अशा रोजच्या गोष्टींसाठीची मदत) कौन्सिलकडेच राहिली. म्हणून आजही जखमेची ड्रेसिंग फुकट होते, पण त्याच माणसाला आंघोळ घालायला कोणी यायचं तर त्याचं उत्पन्न आणि बचत तपासली जाते. हा भेद तुमच्या मीटिंगने मिटणार नाही. तो मिटवायची जबाबदारी तुमच्यावर आहे असं कोणी सुचवलं, तर ती घेऊ नका.

2019 मध्ये साधारण 30 ते 50 हजार लोकवस्तीची प्रायमरी केअर नेटवर्क्स (शेजारशेजारच्या जीपी दवाखान्यांचे गट) झाली, एनएचएससाठी लिहिलेल्या 2022 च्या फुलर अहवालाने नेबरहूड टीमची शिफारस केली आणि सरकारच्या 2025 च्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्याने तिला धोरणाच्या मध्यभागी आणलं. पण 50 हजार हा आकडा नियोजनाचा आहे. माणसं नावानिशी ओळखायची असतील तर एकदोन प्रॅक्टिसपुरतंच (जीपींच्या दवाखान्यांपुरतंच) बघा. डेव्हनमधल्या टॉरबे इथे 2005 च्या सुमारास आरोग्य आणि सोशल केअर एकत्र आणताना त्यांनी ‘मिसेस स्मिथ’ नावाची ऐंशीच्या पुढची एक काल्पनिक बाई डोळ्यांसमोर ठेवली होती. प्रत्येक बदलाच्या वेळी विचारायचं, यामुळे मिसेस स्मिथचं काय सोपं होणार? त्यांनी जीपी प्रॅक्टिसेसना जोडलेल्या टीम केल्या आणि प्रत्येकीत कोऑर्डिनेटर नेमले. हे कोऑर्डिनेटर नर्स नव्हते, सोशल वर्करही नव्हते. फोन उचलायचा, योग्य माणसाला गाठायचं आणि काम झालं का ते बघायचं, हे त्यांचं काम. तुम्हाला एकाच पदाचे पैसे मिळणार असतील तर ते याच पदासाठी मागा.

यादी कशी करायची? जीपीच्या संगणकात इलेक्ट्रॉनिक फ्रेल्टी इंडेक्स असतो. नोंदींमधल्या 36 गोष्टी बघून माणूस किती अशक्त, नाजूक झालाय याचा तो अंदाज देतो. सुरुवातीला त्याचा उपयोग होतो, पण जो माणूस डॉक्टरकडे फिरकतच नाही तो त्यात निरोगी दिसतो. म्हणून ती यादी घेऊन प्रॅक्टिसच्या रिसेप्शनिस्टकडे जा आणि विचारा, यात कोण राहिलं? हल्ली कोणाचा फोन वारंवार येतो, कोणाचा यायचा बंद झाला, नवरा गेल्यापासून कोण औषधं न्यायला येत नाही, हे तिला ठाऊक असतं.

आता ज्या मुद्द्यासाठी मी मुख्यतः हे उत्तर लिहितेय तो. टीमच्या तक्त्यात जीपी, नर्स, फिजिओ, ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट), सोशल वर्कर, फार्मासिस्ट सगळे असतात, पण आंघोळ-जेवणाच्या मदतीसाठी घरी येणारी केअरर नसते. ती कौन्सिलने नेमलेल्या खासगी एजन्सीची असते, त्यामुळे तिला कोणी आपलं मानत नाही. आमच्याकडे नव्वदीतल्या एका बाईंच्या पायाला अल्सर होता. आम्ही आठवड्यातून दोनदा कॉम्प्रेशन बँडेज (दाब देणारं घट्ट बँडेज) बांधायला जायचो, केअरर दिवसातून चार वेळा यायची. बँडेजखालून दिसणारी बोटं काळसर पडलीत हे तिच्या लक्षात आलं आणि तिने ते एजन्सीच्या फाईलमध्ये तारीख-वेळेसह लिहिलं. आमची फाईल त्याच टेबलावर हातभर अंतरावर होती. तिला आमच्या फाईलमध्ये लिहायची परवानगी नव्हती आणि आमचा नंबर तिला कोणी दिलेला नव्हता. ती ऑफिसला कळवणार, ऑफिस कौन्सिलला कळवणार, मग केव्हातरी आम्हाला कळणार. संध्याकाळी मुलगी आली, तिने 111 ला (एनएचएसच्या तातडीच्या सल्ल्याच्या नंबरला) फोन केला, म्हणून बँडेज वेळेत सुटलं.

त्या केअररने आपलं काम चोख केलं होतं. तिच्या नजरेला जे दिसलं ते पुढे पोचायला वाट नव्हती. त्यानंतर आम्ही टीमचा नंबर ठळक अक्षरात फाईलच्या कव्हरवर लावायला लागलो, आणि केअररने थेट फोन करावा असं एजन्सीशी ठरवून घेतलं. फोनांचा पाऊस पडेल अशी भीती बऱ्याच जणांना होती. तसं काही झालं नाही. फोन येतात ते बहुतेक वेळा करायलाच हवे होते असे असतात. पायाचं बोट, न खाल्लेलं जेवण, पलंगाशेजारी साठलेल्या गोळ्या, या गोष्टी सगळ्यांत आधी तिलाच दिसतात.

मीटिंग पाऊण तासाच्या वर नेऊ नका. प्रत्येक नावापुढे एकाच माणसाची जबाबदारी लिहा, ‘टीम’ असं लिहू नका. आणि ज्याच्याबद्दल बोलतोय त्याला आधी विचारा, तुम्हाला काय हवंय? उत्तर पुष्कळदा आपल्या यादीत नसतं. एखाद्याला पायापेक्षा जिन्याची काळजी असते.

रेकॉर्डचा प्रश्न पहिल्या आठवड्यातच हातात घ्या. जीपी ईमिस या संगणक सिस्टिमवर, तुम्ही सिस्टमवनवर, कौन्सिल तिसऱ्याच सिस्टिमवर, हे चित्र सर्रास दिसतं. माहिती वाटून घेण्याचे करार व्हायला महिने लागतात. ‘गोपनीयतेमुळे जमणार नाही’ असं कोणी म्हणालं तर तुमच्या संस्थेच्या कॅल्डिकॉट गार्डियनला (रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेची जबाबदारी असलेल्या वरिष्ठाला) भेटा. फिओना कॅल्डिकॉट यांच्या 2013 च्या आढाव्यात हे तत्त्वच घातलंय की रुग्णाच्या हितासाठी माहिती देणं हे ती जपण्याइतकंच महत्त्वाचं असू शकतं.

राहिले आकडे. हॉस्पिटलमधल्या तातडीच्या भरती कमी होतील असं वचन देऊ नका. 2009 साली इंग्लंडमध्ये इंटिग्रेटेड केअरचे (सेवा एकत्र आणण्याचे) 16 पायलट, म्हणजे प्रायोगिक प्रकल्प, सुरू झाले होते. 2012 च्या मूल्यमापनात तातडीच्या भरती घटल्याचं दिसलं नाही. कर्मचाऱ्यांना काम सुधारल्यासारखं वाटलं, पण रुग्णांना तसा अनुभव आला नाही. ही दुसरी गोष्ट मला जास्त टोचते, आणि म्हणून मी रुग्णाच्या बाजूने मोजते: काहीतरी बिघडल्याचं कोणाच्या तरी लक्षात आल्यापासून प्रत्यक्ष घरी कोणी पोचेपर्यंत किती तास गेले, एका आठवड्यात किती वेगवेगळी माणसं दारात आली, प्रेशर अल्सर (पडून किंवा बसून राहिल्याने होणारी जखम) कोणत्या टप्प्यावर कळला, आणि शेवटचे दिवस जिथे काढायची इच्छा होती तिथे ते काढता आले का. वरिष्ठ भरतीचा आकडा मागतीलच. तो द्या, पण या चार ओळी त्याच्या वर ठेवा.