आगीनंतरचे आठ महिने आणि स्वतःच करायचे उपाय

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आठ महिन्यांपूर्वी घराला लागलेल्या आगीतून तुम्ही सगळे सुखरूप बाहेर पडलात. पण अजून रात्री दोन-तीनदा दचकून जाग येते, कुठे धुराचा वास आला की हातपाय गार पडतात, आणि गॅस पेटवायचं काम तेव्हापासून घरातलं दुसरं कुणीतरी करतं. थेरपिस्टकडे जायची अजून मनाची तयारी नाही, म्हणून श्वसनाचे व्यायाम, रोजची डायरी, ध्यानाचं ॲप आणि टॅपिंगचे, म्हणजे अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर बोटांनी टिचक्या मारायचे, व्हिडिओ असं सगळं एकदम सुरू केलंय. यातलं काय धरावं आणि काय सोडावं, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. अकरा वर्षांपूर्वी एका रस्ता अपघातातून वाचले आणि पुढची तीन वर्षं यातलं जवळपास सगळं करून पाहिलं. त्या अनुभवावर आणि नंतर केलेल्या वाचनावर हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, हे सगळे उपाय एकाच जातीचे नाहीत. श्वास, ग्राउंडिंग (म्हणजे आजूबाजूच्या गोष्टींकडे लक्ष देऊन मन आत्ताच्या क्षणात आणणं), ध्यान, हलका व्यायाम यांचं काम ती वेळ निभावून नेण्याचं. डायरीत प्रसंग लिहून काढणं किंवा टाळलेल्या जागी पुन्हा जाणं यांचं काम आठवणीला हात घालण्याचं. पहिल्या प्रकाराने अंग शांत होतं, पण आठवण आहे तिथेच राहते. दुसऱ्याने आठवणीचा जोर कमी होऊ शकतो, पण चुकीच्या पद्धतीने केलं तर माणूस आणखी खोल रुततो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि माझी दोन वर्षं त्यातच गेली.

झालं असं, की मी ग्राउंडिंगमध्ये पटाईत झाले. दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्शाला जाणवणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, असं मोजत मी कुठलीही घाबरगुंडी काही मिनिटांत आवरायचे. मला वाटायचं, मी बरी होतेय. प्रत्यक्षात मी हमरस्त्याने जाणं सोडलं होतं, मग रात्रीचा प्रवास सोडला, मग कुणाच्याही गाडीत पुढच्या सीटवर बसणं सोडलं. भीती आटोक्यात होती, कारण जगच तेवढं लहान करून घेतलं होतं. आघातानंतरचा त्रास लांबतो तो टाळाटाळीमुळे, हे या विषयावर काम करणारे बरेच जण सांगतात. आठवण टाळली, जागा टाळली, वास टाळला की मेंदूला 'तो धोका आता संपलाय' हे कळायची संधीच मिळत नाही. ग्राउंडिंग वाईट नाही, मी आजही करते. पण ते कशासाठी वापरतोय ते पाहा. गॅसजवळ उभं राहता यावं म्हणून श्वास मोजत असाल तर उत्तम. गॅसजवळ जायलाच लागू नये म्हणून मोजत असाल तर तो टाळाटाळीचाच एक प्रकार आहे.

आता डायरी. लिहिण्याचा उपाय ज्या प्रयोगाने प्रसिद्ध झाला तो जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा, १९८६ सालचा. त्यात विद्यार्थ्यांना रोज १५ मिनिटं, असे सलग चार दिवस लिहायला सांगितलं होतं. लिहिल्यावर लगेच त्यांना जास्तच उदास वाटलं. पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे पुढच्या काही महिन्यांत आरोग्यकेंद्रात कमी वेळा गेले. चार दिवस आणि १५ मिनिटं, हे आकडे नीट लक्षात घ्या. मी काय केलं? सात महिने रोज रात्री झोपण्यापूर्वी तोच प्रसंग लिहिला. काचेचा आवाज, हॉर्न, मग अंधार, आणि तिथेच थांबायचं. रोज तेच पान. ते लिहिणं नव्हतं, गिरवणं होतं, आणि झोप पार उडाली. लिहायचंच असेल तर दिवसा लिहा, घड्याळ लावून लिहा. आणि मुख्य म्हणजे आगीपाशी थांबू नका. बाहेर कसे आलात, कुणी हात धरला, दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे होतात, इथपर्यंत या. आठवणीला शेवट असावा लागतो. लिहिताना आपण तिथेच आहोत असं वाटू लागलं, किंवा लिहून झाल्यावर दुसऱ्या दिवशीही अंग थरथरत राहिलं, तर वही बंद करा. त्यात कसलाही कमीपणा नाही.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगते. 'मोकळं होऊन बोल, सगळं सांगून टाक' हा सल्ला तुम्हालाही मिळाला असेल. दुर्घटनेनंतर लगेच एका बैठकीत लोकांकडून सगळं वदवून घ्यायची पद्धत एके काळी खूप चालायची. जोनाथन बिसन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये भाजलेल्या रुग्णांवर ती तपासली. तेरा महिन्यांनी बैठक झालेल्या गटात २६ टक्के लोकांना पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर दीर्घकाळ राहणारा मानसिक त्रास, होता, न झालेल्या गटात ९ टक्के. बैठक झालेल्या गटातल्या लोकांना मुळात जास्त भाजलं होतं, त्यामुळे हा फरक निव्वळ बैठकीचा म्हणता येणार नाही. पण नंतर अशा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला तेव्हाही फायदा दिसला नाही. कुणी आग्रह केला म्हणून सगळं सांगायलाच हवं असं नाही. विश्वासाच्या माणसापाशी, आपल्याला झेपेल तेवढंच बोलावं.

ध्यानाबद्दल थोडक्यात. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की काहींना नेमक्या तेव्हाच फ्लॅशबॅक येतात, म्हणजे तो प्रसंग आत्ता पुन्हा घडतोय असं वाटतं. तुमच्या बाबतीत तर धुरात कोंडलेल्या श्वासाचीच आठवण आहे, त्यामुळे श्वासावर लक्ष देणं उलटूही शकतं. डोळे उघडे ठेवा, लक्ष तळपायांकडे किंवा समोरच्या एखाद्या वस्तूकडे द्या. श्वास घ्यायचाच तर खोल ओढण्यापेक्षा हळू सोडण्यावर भर द्या. टॅपिंगबद्दल माझं मत असं, की त्याने शांत वाटत असेल तर करा, पण अमुक बिंदूवरच टिचकी मारली पाहिजे यात काही विशेष आहे हे मला पटलेलं नाही. डोळे हलवत करायच्या ईएमडीआरचे व्हिडिओ पाहून एकट्याने प्रयोग मात्र करू नका. ही उपचारपद्धत चांगली आहे, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये तिची शिफारस केली. पण आठवण अनावर झाली तर सावरायला समोर प्रशिक्षित माणूस हवा.

तुमच्या यादीत नसलेला एक उपाय सुचवते, तो दुःस्वप्नांसाठी. दिवसा, जागेपणी, स्वप्न लिहून काढायचं आणि ते तुम्हाला हवं तसं बदलायचं. शेवट बदला, जागा बदला, काहीही. मग ते बदललेलं स्वप्न रोज काही मिनिटं मनात घोळवायचं. बॅरी क्राकोव आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये लैंगिक अत्याचारातून गेलेल्या महिलांवर याची चाचणी घेतली, तेव्हा त्यांची दुःस्वप्नं कमी झाली आणि झोप सुधारली. सुरुवात सगळ्यात भयंकर स्वप्नापासून करू नका, एखादं सौम्य घ्या. मी केलेल्या सगळ्या उपायांत स्पष्ट फरक जाणवलेला हा पहिला.

थेरपिस्टची तयारी नाही म्हणता, त्याबद्दल मी दडपण आणणार नाही. पण एकतर सगळं एकट्याने, नाहीतर वर्षभर कुणासमोर बसून, असे दोनच मार्ग नाहीत. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीत एकाच घटनेमुळे सौम्य ते मध्यम पीटीएसडी झालेल्या १९६ जणांना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाने थेरपिस्टसमोर बसून उपचार घेतले. दुसऱ्याने बरंचसं काम ऑनलाइन स्वतः केलं आणि त्याला थेरपिस्टची अधूनमधून थोडा वेळ साथ होती. सोळा आठवड्यांनी दुसरा गट पहिल्यापेक्षा मागे पडलेला नव्हता. म्हणजे काम स्वतः करायचं, पण कुणीतरी दर थोड्या दिवसांनी 'कुठवर आलं, कुठे अडलं' असं विचारायचं. माझं गाडं तिसऱ्या वर्षी हललं ते अशाच साथीमुळे.

काही बाबतींत मात्र स्वतःचे प्रयोग थांबवून थेट डॉक्टरकडे जा. मध्येच वेळेचं भान सुटत असेल, आपण आपल्या शरीरात नाही असं वाटत असेल, झोपेसाठी दारू किंवा गोळ्या लागत असतील तर उशीर करू नका. जगणंच नको असे विचार येत असतील तर त्याच दिवशी, घरच्या माणसाला सोबत घेऊन जा.

उपाय लागू पडतोय का हे ओळखायला 'बरं वाटतंय का' हा प्रश्न मला पुरला नाही, कारण टाळाटाळीतही बरंच वाटतं. पीटीएसडीची लक्षणं मोजणारी पीसीएल-५ नावाची २० प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, गुण शून्य ते ८०. ती आज भरा आणि महिन्याने पुन्हा भरा. साधारण १० गुणांचा उतार म्हणजे खरा फरक समजतात. गुण ३०च्या वर असतील तर रीतसर तपासणी करून घ्या. आणि तिच्याच शेजारी लिहा, या महिन्यात टाळत होतात त्यातलं काय काय पुन्हा केलंत.

तुमच्या जागी मी असते तर या महिन्यात डायरी आणि टॅपिंग बाजूला ठेवलं असतं. फक्त स्वप्न बदलायचा सराव आणि गॅसच्या पायऱ्या. आधी शेगडी बंद असताना तिच्यापाशी उभं राहायचं, छातीची धडधड आपोआप उतरेपर्यंत. मग दुसऱ्या कुणी पेटवलेल्या ज्योतीकडे बघायचं. मग लायटर स्वतःच्या हातात. एका पायरीवर आठवडा लागला तरी लागू दे. पहिली पायरी चढलात की कळवा, त्या वेळी नेमकं काय जाणवलं तेही लिहा, मग पुढचं आपण बोलू.